वाचकांचे प्रश्न : चहाच्या पेट्या आणि वूस्टरची कचेरी

यंदा, म्हणजे २०२६ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे होतात. त्यानिमित्त मागील अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते आणि त्यात "चहा महाग झाल्यामुळे वसाहतींनी बंड केले" असे एक वाक्य होते. या वाक्याने सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आणली. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्रलेखकाने तर आमची चूकच पकडली आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. आमच्याकडे भाव चढला म्हणून कोणी पोती कृष्णेत टाकत नाही. बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात टाकला, तो नेमका किती महागला होता?

उत्तर : महागला नव्हता, स्वस्त होणार होता. आमचे वाक्य चुकीचे होते. मीही शाळेत असेच शिकलो होतो आणि ते इतक्या वर्षांनी लेखणीतून जसेच्या तसे उतरले.

चहावरील कर एक पौंड वजनामागे तीन पेन्स होता आणि तो १७६७ पासून चालू होता. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी बुडीत निघण्याच्या बेतात आली. बंगालमध्ये नुकताच भीषण दुष्काळ पडून गेला होता, कंपनीचे महसुलाचे आडाखे फसले होते आणि लंडनच्या वखारींत चहाचे ढीग पडून होते. (हा चहा चीनचा. आसामच्या चहाला अजून साठेक वर्षे अवकाश होता.) कंपनीला सावरण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की तिला इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळावी आणि तिने लंडनच्या लिलावाऐवजी थेट आपल्या निवडक एजंटांमार्फत अमेरिकेत माल विकावा. त्यामुळे तीन पेन्सचा कर भरूनही कंपनीचा चहा डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षा स्वस्त पडला असता.

आपण व्यापारी आहात, त्यामुळे यातील पहिली गोम आपल्याला सांगावी लागणार नाही. उद्या एखाद्या बड्या कंपनीने सौदे, अडते आणि खरेदीदार अशी सगळी साखळी टाळून आपल्या चार माणसांच्या हाती माल दिला, तर ग्राहकाला तो स्वस्त मिळेलही, पण यार्डातील बाकीच्या पेढ्यांना कुलूप लागेल. बॉस्टनमध्ये ज्यांना ही एजन्सी मिळाली, त्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. बाजारपेठेने याचा अर्थ काय लावला असेल, ते वेगळे सांगायला नको.

दुसरी गोम मात्र बारकाईने पाहावी लागते, आणि मला तीच खरी वाटते. वसाहतींत गव्हर्नर राजा नेमत असे, परंतु त्याचा पगार बहुतेक ठिकाणी तेथील लोकांनी निवडलेली सभा मंजूर करत असे. गव्हर्नर फारच डोक्यावर बसू लागला तर सभा पगाराचा ठराव लांबणीवर टाकी. त्याच्या नाकात घातलेली ही वेसणच होती. १७६७ च्या जकातींचे उत्पन्न गव्हर्नर आणि न्यायाधीश यांच्या पगारासाठी वापरण्याची तरतूद पार्लमेंटने केली, म्हणजे वेसण कापली. १७७० मध्ये काच, कागद, रंग यांवरील जकाती उठल्या, चहावरची तेवढी मुद्दाम ठेवली गेली. त्याआधी, १७६६ मध्ये, वादग्रस्त मुद्रांक कायदा मागे घेताना पार्लमेंटने त्याच दमात असाही कायदा करून ठेवला होता की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. स्वस्त चहाचा एक पेला प्यायला म्हणजे हा अधिकार मान्य केला, असे बॉस्टनकरांचे म्हणणे होते.

आता प्रत्यक्ष प्रसंग. 'डार्टमथ' हे पहिले जहाज १७७३ च्या नोव्हेंबर अखेरीस बंदरात लागले. वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम अधिकारी माल जप्त करणार, आणि जप्त झालेला माल जकात वसूल करून विकला जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. जहाज मालासकट परत पाठवावे, ही लोकांची मागणी गव्हर्नरने शेवटपर्यंत मानली नाही. मुदतीच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरील ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतण्यात आल्या. ओहोटी लागलेली असल्याने चहा बुडेना आणि जहाजांच्या कडेला त्याचे ढीग साचले. तो चहा साधारण ९२ हजार पौंड, म्हणजे जवळजवळ ४२ टन भरला. इतर मालाला कोणी हात लावला नाही.

प्रश्न : साताऱ्याचे रंगो बापूजी छत्रपतींच्या गादीसाठी विलायतेत अर्ज करत राहिले. अमेरिकनांनी तसे काही केले होते का, की थेट बंदुका उचलल्या?

उत्तर : दहा वर्षे अर्जच केले. १७६५ मध्ये मुद्रांक कर आला. वर्तमानपत्र, दस्तऐवज, परवाने, इतकेच काय, खेळायचे पत्ते यांवरही सरकारी शिक्का सक्तीचा झाला, तेव्हा नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजाला व पार्लमेंटला विनंतीअर्ज धाडले. बेंजामिन फ्रँकलिन अनेक वर्षे लंडनमध्ये वसाहतींचे वकील म्हणून राहिले. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही काउन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, सरकारी वकिलाने सुमारे तासभर त्यांची भरसभेत निर्भर्त्सना केली आणि फ्रँकलिन अक्षरही न बोलता उभे राहिले. लढाईला तोंड फुटल्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, वसाहतींनी तडजोडीचा शेवटचा अर्ज केला. राजाने तो स्वीकारलाच नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केले.

रंगो बापूजींशी आपण केलेली तुलना मला पटते, पण एका ठिकाणी ती तुटते. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये झगडले, आणि ते तेथे असतानाच १८४८ मध्ये कंपनीने वारस नसल्याचे कारण दाखवून राज्य खालसा केले. त्यांच्या अर्जामागे न्याय होता, पण ज्या गादीसाठी ते भांडत होते ती एका वारसाच्या मान्यतेवर टांगलेली होती. फ्रँकलिन यांच्या अर्जामागे दीडशे वर्षे चालत आलेल्या निवडून दिलेल्या सभा होत्या, आणि कर गोळा करण्याची किल्ली त्या सभांकडे होती. अर्ज फेटाळला गेला म्हणून त्या सभा बंद पडल्या नाहीत.

प्रश्न : मी साताऱ्यात राहून स्पर्धापरीक्षेची तयारी करते. अमेरिका स्वतंत्र झाल्याची तारीख कोठे २ जुलै, कोठे ४ जुलै, तर कोठे १७८३ अशी मिळते. त्यांचे स्वराज्य नक्की कधी सुरू झाले?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत हे बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत निसटते.

तारखा सोप्या आहेत. स्वतंत्र होण्याचा ठराव फिलाडेल्फियातील काँग्रेसने, म्हणजे सर्व वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २ जुलै १७७६ रोजी संमत केला, आणि पुढे हाच दिवस साजरा होईल असे जॉन अ‍ॅडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिले. जाहीरनाम्याचा मसुदा ४ जुलैला मंजूर झाला आणि कागदावर तीच तारीख पडली. बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले ते ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने. परीक्षेत ४ जुलै लिहावे.

स्वराज्याची तारीख सांगायची तर मी वूस्टरला जाईन. बॉस्टनच्या पश्चिमेला असलेले हे मॅसॅच्युसेट्समधील गाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, पण येथे जे घडले ते सातारा-सांगलीच्या वाचकाला चटकन उमगेल.

चहाच्या प्रकरणाची शिक्षा म्हणून पार्लमेंटने १७७४ मध्ये बॉस्टन बंदर बंद केले. त्याहून जिव्हारी लागला तो दुसरा कायदा. त्याने मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, सल्लागार मंडळ राजाने नेमायचे ठरवले, न्यायाधीश व शेरीफ यांची नेमणूक गव्हर्नरकडे दिली आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकदाच भरवता येईल अशी अट घातली. या गावसभेतच रस्ता, शाळा, कुंपण, कर, मिलिशियाचा (गावकऱ्यांच्या फौजेचा) कप्तान अशा सगळ्या गोष्टी मालमत्ता असणारे पुरुष हात वर करून ठरवत आले होते. बायका, गुलाम आणि निर्धन यांना तेथे आवाज नव्हता हे खरे, पण शेतकऱ्याला होता, आणि तोच या कायद्याने कापला गेला.

६ सप्टेंबर १७७४ रोजी वूस्टरचे जिल्हा न्यायालय नव्या कायद्याखाली भरायचे होते. त्या सकाळी आसपासच्या ३७ गावांतून सुमारे साडेचार हजार माणसे आपापल्या कप्तानांमागे चालत आली आणि त्यांनी कचेरीचा ताबा घेतला. न्यायाधीश आणि अंमलदार जवळच्या एका खानावळीत अडकून बसले. शेवटी ठरले असे, की माणसांनी मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरायच्या आणि अधिकाऱ्यांनी टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालत यायचे. चालता चालता, नव्या कायद्याखाली आपण न्यायालय चालवणार नाही, हा कबुलीजबाब त्यांनी वाचून दाखवायचा होता. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून तो पुन्हा वाचावा लागला, आणि असे सुमारे तीस वेळा झाले. एकही गोळी सुटली नाही. त्या महिन्यात बॉस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये राजाचा अंमल जवळपास संपला, आणि जाहीरनामा अजून २२ महिने दूर होता. महिनाभरात वूस्टरच्या गावसभेने आपल्या प्रतिनिधीला लेखी सूचना दिली, की जुनी सनद परत मिळत नसेल तर नवे सरकार उभे करावे.

पुढे सगळीकडे हेच झाले. ब्रिटिश मालावरच्या आयात-बंदीवर लक्ष ठेवणाऱ्या गावोगावच्या समित्या कर गोळा करू लागल्या, दारूगोळा जमवू लागल्या, तंटे मिटवू लागल्या. मे १७७६ मध्ये काँग्रेसने वसाहतींना आपापली सरकारे बनवण्याचा सल्ला दिला, तोवर न्यू हॅम्पशायरने आपली राज्यघटना केलेलीही होती. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन येथे पहिली गोळी सुटली ती या चालू कारभाराचा दारूगोळा जप्त करायला निघालेल्या फौजेशी गाठ पडल्यामुळे. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की स्वराज्य आधी आले आणि स्वातंत्र्य मागून जाहीर झाले.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात परकी वाटू नये. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला, वडूज आणि इस्लामपूरला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली. त्यानंतर १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळांनी गावातले तंटे गावातच तोडले, तुफान सेनेने दरोडेखोर आणि खबरे यांना आवर घातला, आणि इंग्रजांचे राज्य कागदावर असताना कित्येक गावांत हुकूम दुसऱ्याचाच चालला. फरकही लहान नाही. वूस्टरची माणसे उघड्या रस्त्यावर, जुन्या गावसभेच्या अधिकाराने उभी होती, आणि त्यांच्यासमोर त्या दिवशी फौज नव्हती. आपल्या मंडळांना डोंगरात, रात्री, भूमिगत राहून काम करावे लागले आणि निवडून आलेल्या सभेचा वारसा त्यांच्यामागे नव्हता. तसा वारसा घडवण्याचा एक प्रयत्न शेजारच्या औंध संस्थानात झाला. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांकडे देणारी, गावपंचायतींवर उभारलेली घटना लागू केली. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल याच संस्थानात होते.

प्रश्न : यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस आणि आपल्या इतिहासातील कायमधाऱ्याचा कॉर्नवॉलिस एकच का? (तासगावच्या एका विद्यार्थ्याकडून.)

उत्तर : एकच. अमेरिकेच्या युद्धात १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. स्वतः तो आजाराचे कारण सांगून आला नाही आणि त्याने दुय्यम अधिकाऱ्याला पुढे केले. पाच वर्षांनी तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. आणि तासगावकरांनी लक्षात ठेवावे असे, की १७९२ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत त्याच्या बाजूने लढणाऱ्या मराठी फौजेचे एक सरदार आपले परशुरामभाऊ पटवर्धन होते, ज्यांनी तुमच्या गावचे गणपतीचे देऊळ बांधले. इंग्रज अमेरिकेत अडकले होते त्याच काळात मराठ्यांनी जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना नामोहरम करून करार लिहून घेतला होता. पुढे सालबाईच्या तहाने ती झुंज १७८२ मध्ये थांबली.

प्रश्न : १७८३ ला तह झाला आणि राज्यघटना १७८७ ची. मधल्या काळात देश कसा चालला? (कराडच्या एका वाचक भगिनी.)

उत्तर : वर्गणीवर चालला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १७८१ मध्ये अमलात आलेल्या पहिल्या करारनाम्याप्रमाणे मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे, आणि गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला 'संध्याकाळी या' म्हणणारी काही घरे असतात, तशी राज्ये वागत. करारनाम्यात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. सैनिकांचे पगार थकले, कर्जाचे व्याज थकले. लंडनच्या जाचातून सुटलेल्यांना दुसरा जाच नको होता, हे समजण्यासारखे आहे, पण वेसण कापून टाकल्यावर बैल गाडी ओढणार कसा, याचा विचार राहून गेला.

राज्यांनी मात्र कर बसवले, आणि मॅसॅच्युसेट्सने जड बसवले. शेतकरी कर्जात होते, रोख चलन मिळत नव्हते, न्यायालये जमिनी आणि जनावरे जप्त करत होती. ५ सप्टेंबर १७८६ रोजी हत्यारबंद माणसांनी वूस्टरचे न्यायालय पुन्हा बंद पाडले. बारा वर्षांत केवळ एका दिवसाचा फरक. या वेळी मात्र समोर त्यांनीच निवडलेले सरकार होते. हे डॅनियल शेज यांच्या नावाने ओळखले जाणारे बंड, आणि १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांचे रोखे जाळणाऱ्या शेतकऱ्यांना ते आपले वाटले असते. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसा उभा करून फौज पाठवली आणि बंड मोडले, परंतु धास्ती उरली.

त्या धास्तीच्या छायेत २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियाला बंद दाराआड ५५ प्रतिनिधी बसले. ३९ जणांनी सह्या केल्या. नव्या घटनेने मध्यवर्ती सरकारला कराचा अधिकार दिला, आणि हा अधिकार निवडून आलेल्या सभागृहातूनच सुरू होईल अशी सोयही केली. मंजुरीसाठी ती राज्यांच्या विधिमंडळांकडे न जाता खास निवडलेल्या परिषदांकडे गेली. ही कल्पना मॅसॅच्युसेट्सच्या गावसभांची होती, कारण १७७८ मध्ये विधिमंडळाने परस्पर केलेला मसुदा त्यांनी फेटाळला होता आणि १७८० चा मसुदा स्वतंत्र परिषदेने केल्यावरच मान्य केला होता. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये देशाची घटना १८७ विरुद्ध १६८ अशा काठावरच्या मतांनी पार पडली, तीही हक्कांची सनद जोडावी या शिफारशीसह. ती सनद १७९१ मध्ये आली.

प्रश्न : मी कटगुणजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. महात्मा फुल्यांचे मूळ गाव म्हणून मुले अभिमानाने विचारतात, की सर्व माणसे समान म्हणणाऱ्यांनी गुलाम कसे ठेवले? काय सांगावे?

उत्तर : ठेवले, आणि ते त्यांना दिसत होते, असेच सांगावे. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे जेफरसन शेकडो गुलामांचे मालक होते. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा जो परिच्छेद त्यांनी लिहिला होता, तो काँग्रेसने गाळला. १७८७ च्या घटनेत 'गुलाम' हा शब्द नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीनपंचमांश धरावे असा हिशेब आहे, ज्याचा लाभ मालकांच्या राज्यांना झाला. गुलामगिरी देशभर संपली ती यादवी युद्धानंतर, १८६५ मध्ये. फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला तो गुलामांना मुक्त करण्याच्या त्या कामासाठी, हे मुलांना जरूर सांगा.

आणि वेळ असेल तर बेट नावाच्या एका बाईची गोष्ट सांगा. मॅसॅच्युसेट्समधील शेफील्ड गावी, अ‍ॅशली नावाच्या घरात ती गुलाम होती. लिहिता-वाचता येत नव्हते. १७८० च्या नव्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे कलम आहे हे तिने लोकांच्या बोलण्यातून ऐकले आणि ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली, की हे कलम मला लागू का नाही. १७८१ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ३० शिलिंग भरपाई देवविली. अ‍ॅशलीने तिला पगारावर परत येण्याची विनंती केली. ती गेली नाही. सेजविक यांच्या घरी तिने पगारी काम धरले, एलिझाबेथ फ्रीमन हे नाव स्वतः घेतले, आणि १८२९ मध्ये वारली तेव्हा तिच्या मालकीचे घर होते.